भोंगा ऐकू येतो तिथवर

कपाट सात, कप्पा तीन.
डांबरगोळीचा वास, आणि जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत
खर्तुडीची वेल, कंदासकट,
तेरा टाक्यांनी कागदाला शिवलेली.
कंदाला अजून चिमूटभर माती.

चिठ्ठी शाईची, अक्षर शाळामास्तराचं:
'द. य. अंबलगी. ९ सप्टेंबर १९२३.
मुरमाड माळ. फूल कंदिलासारखं, आतून जांभळं.
ठिकाण: सोलापुरापासून पूर्वेस,
गिरणीचा भोंगा ऐकू येतो तिथवर. वारा पश्चिमेचा.'

मास्तरांच्या बाकी चारशे बारा चिठ्ठ्या
मी नकाशावर बसवल्या होत्या.
'होटगी स्टेशन, सिग्नलपाशी': बसली.
'हिपरग्याचा तलाव, सांडव्याखाली': बसली.
'सिद्रामप्पाच्या मळ्यातली विहीर'
हिनं आठवडा खाल्ला,
कारण सिद्रामप्पा निघाले सात
आणि विहिरी अकरा, त्यातल्या नऊ बुजलेल्या.
पण आवाजाला अक्षांश कुठून देऊ?
गिरणी बंद. चिमणी पाडलेली.
भोंगा म्हणे भंगारात किलोवर गेला.

मग नरसप्पा येमूलना गाठलं.
साचेखात्यात एकोणतीस वर्षं,
वय ब्याऐंशी, उजव्या कानाला यंत्र.
म्हणाले, 'भोंगा काय कानानं ऐकायचा असतो होय?
पोटात वाजायचा तो.'
आणि स्कूटरवर मागं बसले, टोपी हातात धरून.

मुळेगावच्या अलीकडं थांबलो.
त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं, मान तिरकी केली.
'हितं न्हाई ओ. हितं तर
कुत्री रडायची भोंग्याबरोबर. पुढं चला.'
पेट्रोलपंपापाशी:
'हितला गवळी भोंग्यावर धार काढायचा. अजून पुढं.'

माळ लागला. अर्ध्या माळावर पांढरे दगड, प्लॉट नंबर,
'साईनगरी फेज दोन'ची कमान.
कमानीतून आत गेलं की पुन्हा माळच.
नरसप्पा चालत राहिले, मी मागून,
कुसळं पायजम्यात शिरत होती.
एका जागी उभे राहिले,
लघवीला थांबावं तसे, पण बराच वेळ.
'हितं,' म्हणाले. 'पहाटेचा.
तोबी वारा गावाकडनं असला तर.
बैलाच्या घंटीनं मोडंल, एवढाच.'

तिथं खर्तुडी नव्हती.
मी गुडघ्यांवर बसून तरवडाच्या,
काटेकोरांटीच्या बुडाशी हात घालून पाहिलं.
ओरखडे आले.
शेळ्यांमागची पोरगी, तांड्यावरची,
मोबाईलमधला फोटो बघून हसली.
'ही होय? हिचा गड्डा गोड लागतो.
काल तीन खाल्ले.'
कुठं?
तिनं हात केला, असा सैल, फिरता हात
की बोरामणीपर्यंतचं सगळं त्यात आलं.

रात्री तक्ता भरायला बसलो.
अक्षांश. रेखांश. अनिश्चितता, मीटरमध्ये.
दोन हजार लिहिलं. खोडलं.
वारा पडला तर हजार.
जोराचा असला तर मास्तर आणखी पुढं गेले असतील,
आणि सप्टेंबरच्या नऊ तारखेचा वारा
कुणी मोजून ठेवलाय?
अंबलगी मास्तर दिसतात मला:
खुरप्यानं माती बाजूला करता करता
हात थांबलेला, मान तिरकी,
अगदी नरसप्पांसारखी.
शाळा किती वाजता भरायची त्यांची?
परत पायीच जायचे का?

अनिश्चिततेचा रकाना तसाच ठेवून
मी टाक्यांचा फोटो काढला,
नरसप्पांच्या नातवाला पाठवला.
उत्तर साडेअकराला आलं, त्यानं टाइप केलेलं:
'आजोबा म्हणतात दोरा वीस काउंटचा,
पीळ बघून गिरणीचाच.
हा बाहेर विकत नव्हते.
कुणीतरी खिशातनं आणून दिलेला असणार मास्तरांना.
गेटवर झडती असायची.
नाव लिहिलंय का त्याचं कुठं,
विचारतायत.'